व्हिक्टर यंग

व्हिक्टर यंग (८ ऑगस्ट, १८९९ - १० नोव्हेंबर, १९५६) हे अमेरिकन संगीतकार, वाद्यवृंदसंचालक, संगीतसंयोजक आणि व्हायोलिनवादक होते. अभिजात संगीताचे शिक्षण, नृत्यगृहे व नभोवाणीसाठी रचलेली लोकप्रिय गीते आणि हॉलिवूडमधील पार्श्वसंगीत अशा तीन टप्प्यांतून त्यांची कारकीर्द घडली. 'फॉर हूम द बेल टोल्स', 'सॅम्सन अँड डिलायला', 'द क्वायट मॅन', 'शेन' आणि 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' हे त्यांनी संगीत दिलेले प्रमुख चित्रपट होत. त्यांच्या चित्रपटसंगीतातील अनेक सुरावटींना शब्द मिळून त्यांची स्वतंत्र गीते झाली. त्यांपैकी काही गीते मूळ चित्रपट विस्मृतीत गेल्यानंतरही गायली व वाजवली जातात. यंग यांना एकूण २२ अकादमी पुरस्कार नामांकने मिळाली. परंतु एकमेव ऑस्कर पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला.

जन्म आणि शिक्षण

यंग यांचा जन्म अमेरिकेतील शिकागो शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे जन्मवर्ष अनेक ग्रंथांत १९०० असे दिले जाते. शिरगणतीच्या नोंदींनुसार मात्र ते १८९९ आहे. त्यांचे वडील एका फिरत्या ऑपेरा मंडळीत गायक होते. वयाच्या सहाव्या वर्षी व्हिक्टर व्हायोलिन शिकू लागले. दहा वर्षांचे असताना त्यांना पोलंडमध्ये आजोबांकडे पाठवण्यात आले. पोलंडचा तो भाग त्या वेळी रशियन साम्राज्यात होता. वॉर्सा येथील संगीत महाविद्यालयात त्यांचे रीतसर शिक्षण झाले. तेथे त्यांना पोलिश संगीतकार रोमान स्टाट्कोव्ह्स्की यांचे मार्गदर्शन लाभले. पियानोचे शिक्षण त्यांनी पॅरिस येथील नामवंत शिक्षक इझिडोर फिलिप यांच्याकडे घेतले.

किशोरवयातच यंग यांनी वॉर्सा फिलहार्मोनिक वाद्यवृंदासोबत एकल व्हायोलिनवादक म्हणून कारकीर्द सुरू केली. याच सुमारास पहिले महायुद्ध सुरू झाले आणि १९१५ साली वॉर्सा जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले. युद्ध संपल्यानंतर १९२० साली ते शिकागोस परतले. वॉर्सामध्ये त्यांची वाग्दत्त वधू रिटा किनेल यांच्याशी ओळख झाली होती. पुढे त्यांच्याशीच यंग यांचा विवाह झाला.

मूकपटगृहांतील वाद्यवृंद

अमेरिकेत परतल्यावर मैफलीतील व्हायोलिनवादक म्हणून स्थिरावण्याऐवजी यंग यांनी चित्रपटगृहांच्या वाद्यवृंदांत नोकरी धरली. १९२०च्या दशकात मोठ्या शहरांतील प्रत्येक भव्य चित्रपटगृहाचा स्वतःचा वाद्यवृंद असे. पडद्यावर मूकपट चालू असताना हा वाद्यवृंद प्रसंगानुरूप संगीत वाजवी. चित्रपट निर्मात्यांकडून येणाऱ्या सूचनापत्रकात कोणत्या दृश्याला कशा प्रकारचे संगीत हवे, हे लिहिलेले असे. त्यानुसार अभिजात रचनांचे तुकडे, नृत्यसंगीत आणि प्रचलित गाण्यांच्या चाली एकमेकांना जोडून वाजवल्या जात.

यंग यांनी लॉस एंजेलिस येथे सिड ग्रॉमन यांच्या 'मिलियन डॉलर थिएटर'मध्ये व्हायोलिनवादक म्हणून काम केले आणि पुढे ते चित्रपटगृहांच्या साखळीतील वाद्यवृंदाचे प्रमुख व्हायोलिनवादक झाले. दृश्याची लांबी आणि भाव ओळखून क्षणार्धात संगीत बदलण्याचा हा सराव पुढे त्यांना हॉलिवूडमध्ये उपयोगी पडला. १९२७ नंतर बोलपट आले आणि काही वर्षांतच चित्रपटगृहांतील वाद्यवृंद बंद पडले. या बदलात हजारो वादकांची उपजीविका गेली. यंग यांनी तोपर्यंत लोकप्रिय संगीताकडे मोर्चा वळवला होता.

लोकप्रिय गीतांची रचना

१९२८ साली यंग यांनी विल हॅरिस या गीतकारासोबत 'स्वीट सू, जस्ट यू' हे गीत रचले. हे त्यांचे पहिले मोठे यश होय. जॅझ वादकांनी हे गीत लगेच उचलून धरले आणि त्याच्या असंख्य ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या काळातील बहुतेक अमेरिकन लोकप्रिय गीतांप्रमाणे या गीताची बांधणी ३२ मात्राखंडांची आहे. त्यात आठ मात्राखंडांची मुख्य सुरावट दोनदा येते, मग वेगळा मध्यभाग येतो आणि शेवटी मुख्य सुरावट पुन्हा ऐकू येते. ही बांधणी सोपी असली, तरी पहिल्या काही स्वरांतच श्रोत्याच्या कानात रुजेल अशी चाल संगीतकाराला सुचावी लागते.

टेड फिओ रिटो आणि आयशॅम जोन्स या वाद्यवृंदप्रमुखांसाठी यंग यांनी संगीतसंयोजन केले. होगी कार्मायकल यांची 'स्टारडस्ट' ही रचना तोवर द्रुत लयीत वाजवली जात असे. १९३० साली जोन्स यांच्या वाद्यवृंदासाठी यंग यांनी तिची लय संथ केली आणि मुख्य सुरावट स्वतः व्हायोलिनवर वाजवली. या ध्वनिमुद्रिकेनंतर 'स्टारडस्ट' ही संथ प्रेमगीत म्हणून प्रचलित झाली. पुढे ती विसाव्या शतकातील सर्वाधिक ध्वनिमुद्रित गीतांपैकी एक ठरली.

१९३१ ते १९३३ या काळात त्यांनी नेड वॉशिंग्टन या गीतकारासोबत अनेक गीते रचली. 'कान्ट वी टॉक इट ओव्हर' आणि 'आय डोन्ट स्टँड अ घोस्ट ऑफ अ चान्स विथ यू' ही त्यांतील विशेष गाजलेली गीते होत. दुसऱ्या गीताच्या लेखनात गायक बिंग क्रॉस्बी यांचेही नाव आहे. सॅम ल्युइस यांच्या शब्दांवरील 'स्ट्रीट ऑफ ड्रीम्स' हे गीतही १९३२ सालचेच. महामंदीच्या या वर्षांत ध्वनिमुद्रिकांची विक्री घसरली होती आणि नवे गीत लोकांपर्यंत पोहोचवण्याचे मुख्य साधन नभोवाणी झाली होती. यंग यांनी नभोवाणी कार्यक्रमांचे संगीतसंचालन केले, तसेच ब्रन्सविक आणि नंतर डेका या कंपन्यांसाठी गायकांना वाद्यवृंदाची साथ दिली.

डेका कंपनीशी त्यांचा संबंध अखेरपर्यंत टिकला. बिंग क्रॉस्बी यांच्या अनेक ध्वनिमुद्रिकांना त्यांची साथ आहे. 'द विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९) या चित्रपटातील गीतांचा जो संच डेकाने काढला, त्यात ज्यूडी गार्लंड यांच्या गायनाला यंग यांच्या वाद्यवृंदाची साथ होती. हे मूळ चित्रपटाचे ध्वनिमुद्रण नव्हते. यंग यांनी त्या गीतांचे नव्याने संगीतसंयोजन केले होते.

हॉलिवूडमधील कारकीर्द

१९३०च्या दशकाच्या मध्यास यंग हॉलिवूडमध्ये स्थायिक झाले आणि पॅरामाउंट या चित्रपटसंस्थेत काम करू लागले. मात्र त्यांनी रिपब्लिक, कोलंबिया, आरकेओ अशा अन्य संस्थांच्या चित्रपटांनाही संगीत दिले. संगीतकार, संयोजक वा संचालक अशा विविध नात्यांनी तीनशेहून अधिक चित्रपटांशी त्यांचा संबंध आला.

त्या काळी हॉलिवूडच्या पार्श्वसंगीतावर मॅक्स स्टायनर आणि एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्ड या व्हिएन्नात घडलेल्या संगीतकारांचा मोठा प्रभाव होता. प्रत्येक पात्राला वा कल्पनेला एक छोटी स्वरावली देऊन त्या स्वरावल्या कथानकाबरोबर विणत जाणे, ही त्यांची पद्धत होती. यंग यांचे तंत्रशिक्षणही युरोपीय परंपरेतलेच होते. परंतु गीतरचनेच्या सवयीमुळे ते बहुधा एका पूर्ण, गाता येईल अशा सुरावटीपासून सुरुवात करत आणि तिच्याभोवती चित्रपटाचे संगीत उभे करत. या सुरावटी मुख्यत्वे तंतुवाद्यांवर येतात आणि त्यांत व्हायोलिनवादकाचा हात जाणवतो. अतिमाधुर्य आणि भावविवशता हे दोष त्यांच्या संगीतावर आरोपिले गेले आहेत.

या पद्धतीला व्यावसायिक कारणही होते. पॅरामाउंटची 'फेमस म्युझिक' ही स्वतःची संगीत प्रकाशन संस्था होती. चित्रपटातील सुरावटीला शब्द जोडून गीत प्रसिद्ध केले की स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रिका यांच्या विक्रीतून उत्पन्न मिळे, शिवाय नभोवाणीवरून चित्रपटाची जाहिरातही होई.

दिग्दर्शक सेसिल बी. डमिल यांच्यासाठी यंग यांनी 'नॉर्थ वेस्ट माउंटेड पोलीस' (१९४०), 'रीप द वाइल्ड विंड' (१९४२), 'अनकाँकर्ड' (१९४७), 'सॅम्सन अँड डिलायला' (१९४९) आणि 'द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ' (१९५२) या चित्रपटांना संगीत दिले. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या कादंबरीवर आधारित 'फॉर हूम द बेल टोल्स' (१९४३) या चित्रपटात स्पेनच्या यादवी युद्धाची पार्श्वभूमी असल्याने त्यांनी स्पॅनिश वळणाच्या संगीताचा वापर केला. जॉन फोर्ड यांच्या 'द क्वायट मॅन' (१९५२) मध्ये आयरिश लोकगीतांच्या चाली त्यांच्या स्वतःच्या रचनांत मिसळल्या आहेत. जॉर्ज स्टीव्हन्स यांचा 'शेन' (१९५३) आणि निकोलस रे यांचा 'जॉनी गिटार' (१९५४) हे त्यांचे 'वेस्टर्न' प्रकारातील महत्त्वाचे चित्रपट होत. 'जॉनी गिटार'चे शीर्षकगीत पेगी ली यांनी लिहिले व गायले.

चित्रपटांतून निघालेली गीते

यंग यांच्या सुरावटींचा चित्रपटाबाहेरील प्रवास 'स्टेला बाय स्टारलाइट' या रचनेच्या इतिहासातून विशेष स्पष्ट होतो. 'द अनइन्व्हायटेड' (१९४४) हा एका झपाटलेल्या घराची कथा सांगणारा चित्रपट आहे. त्याचा नायक संगीतकार आहे. स्टेला नावाच्या तरुणीसाठी रचलेली सुरावट तो तिला पियानोवर वाजवून दाखवतो. ही सुरावट कथानकाचाच भाग असून पार्श्वसंगीतातही ती पुन्हा पुन्हा येते. १९४६ साली नेड वॉशिंग्टन यांनी तिला शब्द दिले. सुरावट आधीच पूर्ण असल्याने गीताचे शीर्षक त्यात कोठे बसवायचे, हा प्रश्न होता. वॉशिंग्टन यांनी ते गीताच्या मधल्या भागात योजले. नेहमीच्या बांधणीप्रमाणे या रचनेत पहिला भाग जसाच्या तसा परत येत नाही. ३२ मात्राखंडांत सुरावट सतत पुढे सरकत राहते आणि स्वरसंवाद वारंवार अनपेक्षित वळणे घेतात. याच वैशिष्ट्यामुळे जॅझ वादकांना ती उत्स्फूर्त विस्तारासाठी आवडली. माइल्स डेव्हिस यांनी १९५८ आणि १९६४ साली केलेली तिची ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध आहेत. आज जॅझचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासात ही रचना हमखास असते.

'लव्ह लेटर्स' (१९४५) या चित्रपटाच्या शीर्षकगीताला एडवर्ड हेमन यांचे शब्द आहेत. १९६२ साली केटी लेस्टर यांच्या आवाजात ते नव्या पिढीत पुन्हा लोकप्रिय झाले आणि पुढे एल्व्हिस प्रेस्ली यांनीही ते गायले. 'गोल्डन इअररिंग्ज' (१९४७) चे शीर्षकगीत जे लिव्हिंग्स्टन आणि रे इव्हान्स यांनी लिहिले. 'माय फूलिश हार्ट' (१९४९) चे शीर्षकगीत वॉशिंग्टन यांचे असून पियानोवादक बिल इव्हान्स यांच्या १९६१ सालच्या ध्वनिमुद्रणामुळे ते जॅझमध्ये रूढ झाले.

'वन मिनिट टू झीरो' (१९५२) हा कोरियन युद्धावरील चित्रपट होता. त्यातील सुरावटीला हेमन यांनी शब्द दिले आणि 'व्हेन आय फॉल इन लव्ह' हे गीत तयार झाले. डोरिस डे यांनी ते प्रथम लोकप्रिय केले. नॅट किंग कोल यांच्या १९५७ सालच्या संचातील गायनाने ते जगभर पोहोचले. चित्रपटाची आठवण आज अभ्यासकांपुरती उरली आहे, परंतु हे गीत सुप्रसिद्ध अमेरिकन प्रेमगीतांमध्ये गणले जाते.

अकादमी पुरस्कार नामांकने

यंग यांना पहिली दोन नामांकने १९३८ सालच्या 'आर्मी गर्ल' आणि 'ब्रेकिंग द आइस' या चित्रपटांसाठी मिळाली. १९३९ आणि १९४० या लागोपाठच्या वर्षांच्या चित्रपटांसाठी त्यांना प्रत्येकी चार नामांकने मिळाली. या मोठ्या संख्येमागे त्या काळची पद्धतही होती. प्रत्येक चित्रपटसंस्थेला संगीत विभागात आपला चित्रपट सुचवता येत असे. यंग एकाच वेळी अनेक संस्थांसाठी काम करत असल्याने त्यांचे नाव एकाच यादीत अनेकदा येई.

१९३९ सालच्या मूळ संगीताच्या विभागात त्यांचे 'गोल्डन बॉय', 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' आणि 'मॅन ऑफ काँक्वेस्ट' हे तीन चित्रपट होते. पुरस्कार 'द विझर्ड ऑफ ऑझ'साठी हर्बर्ट स्टोथार्ट यांना मिळाला. १९४० साली 'पिनोकियो', १९४३ साली आल्फ्रेड न्यूमन यांचे 'द साँग ऑफ बर्नाडेट' आणि १९४५ साली मिक्लोश रोझा यांचे 'स्पेलबाउंड' विजेते ठरले. 'सॅम्सन अँड डिलायला' हा चित्रपट फ्रान्झ वॅक्समन यांच्या 'सन्सेट बूलेव्हार्ड'समोर मागे पडला. गीत विभागात 'लव्ह लेटर्स' आणि 'माय फूलिश हार्ट' यांनाही केवळ नामांकनावर समाधान मानावे लागले. अशा प्रकारे हयातीत मिळालेल्या २० नामांकनांपैकी एकाचेही पुरस्कारात रूपांतर झाले नाही. या काळात 'सप्टेंबर अफेअर' या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला.

अखेरची वर्षे आणि निधन

१९५०च्या दशकाच्या मध्यास यंग यांची प्रकृती खालावली. डमिल यांच्या 'द टेन कमांडमेंट्स' (१९५६) या भव्य चित्रपटाचे संगीत त्यांनीच करायचे होते. आजारपणामुळे ते काम एल्मर बर्नस्टीन या तरुण संगीतकाराकडे गेले आणि त्यातून बर्नस्टीन यांचे नाव झाले.

याच वर्षी यंग यांनी मायकेल टॉड निर्मित 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' पूर्ण केला. जूल व्हर्न यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात नायक फिलिअस फॉग लंडनहून निघून भारतासह अनेक देशांतून प्रवास करतो. यंग यांनी प्रत्येक प्रदेशाला वेगळा संगीतरंग दिला. सर्व प्रवासाला जोडणारा धागा म्हणून एक डौलदार वॉल्ट्झ योजला. त्यांच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे ही सुरावटही गीत झाली; तिला हॅरॉल्ड ॲडमसन यांनी शब्द दिले. चित्रपट १७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यू यॉर्क येथे प्रदर्शित झाला.

त्यानंतर एक महिना उलटण्याआधीच, १० नोव्हेंबर १९५६ रोजी, मेंदूतील रक्तस्रावामुळे कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज येथे यंग यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५७ वर्षांचे होते. हॉलिवूड येथील दफनभूमीच्या बेथ ओलाम या ज्यू विभागात त्यांचे दफन करण्यात आले.

'चायना गेट' (१९५७) या चित्रपटाचे संगीत त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले होते. त्यांचे मित्र मॅक्स स्टायनर यांनी ते पूर्ण केले. या चित्रपटात नॅट किंग कोल यांनी भूमिका केली आणि यंग यांच्या सुरावटीवरील शीर्षकगीत गायले.

मरणोत्तर सन्मान

२७ मार्च १९५७ रोजी झालेल्या २९व्या अकादमी पुरस्कार सोहळ्यात 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'च्या संगीतासाठी यंग यांना पुरस्कार जाहीर झाला. दिमित्री टिओम्किन यांचे 'जायंट' आणि आल्फ्रेड न्यूमन यांचे 'ॲनास्टेशिया' हे चित्रपट त्या वर्षी स्पर्धेत होते. त्याच सोहळ्यात 'रिटन ऑन द विंड' या चित्रपटातील त्यांच्या गीतालाही नामांकन होते. मात्र गीताचा पुरस्कार 'गोल्डन इअररिंग्ज'चे शब्द लिहिणाऱ्या लिव्हिंग्स्टन आणि इव्हान्स यांना दुसऱ्या गीतासाठी मिळाला. 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'च्या संगीताची ध्वनिमुद्रिका १९५७ साली अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

१९७० साली गीतकार व संगीतकारांच्या 'साँगरायटर्स हॉल ऑफ फेम'मध्ये यंग यांचा समावेश करण्यात आला. 'हॉलिवूड वॉक ऑफ फेम'वर त्यांच्या नावाचा तारा आहे. त्यांच्या कुटुंबीयांनी त्यांची स्मृतिचिन्हे, ऑस्कर पुतळ्यासह, ब्रँडाइस विद्यापीठाकडे सोपवली आहेत.

निवडक चित्रपट

* गलिव्हर्स ट्रॅव्हल्स (१९३९)
* नॉर्थ वेस्ट माउंटेड पोलीस (१९४०)
* फॉर हूम द बेल टोल्स (१९४३)
* द अनइन्व्हायटेड (१९४४)
* लव्ह लेटर्स (१९४५)
* सॅम्सन अँड डिलायला (१९४९)
* माय फूलिश हार्ट (१९४९)
* रिओ ग्रांद (१९५०)
* द क्वायट मॅन (१९५२)
* शेन (१९५३)
* जॉनी गिटार (१९५४)
* अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज (१९५६)

निवडक गीते

* स्वीट सू, जस्ट यू (१९२८) - शब्द : विल हॅरिस
* आय डोन्ट स्टँड अ घोस्ट ऑफ अ चान्स विथ यू (१९३२) - शब्द : नेड वॉशिंग्टन, बिंग क्रॉस्बी
* स्ट्रीट ऑफ ड्रीम्स (१९३२) - शब्द : सॅम ल्युइस
* लव्ह लेटर्स (१९४५) - शब्द : एडवर्ड हेमन
* स्टेला बाय स्टारलाइट (सुरावट १९४४, शब्द १९४६) - शब्द : नेड वॉशिंग्टन
* माय फूलिश हार्ट (१९४९) - शब्द : नेड वॉशिंग्टन
* व्हेन आय फॉल इन लव्ह (१९५२) - शब्द : एडवर्ड हेमन
* अराउंड द वर्ल्ड (१९५६) - शब्द : हॅरॉल्ड ॲडमसन